पडलेल्यांचे नाना

निकालाच्या दिवशी सगळं गाव विचारतं, कोण आलं? आमचे शेजारी बाबूनाना विचारतात, "कोन पडनं?"

नुसतं दोन नंबरचं नाव सांगून भागत नाही. तिसरा, चौथा, अगदी तळाचा अपक्ष, त्याचं गाव, त्याचं चिन्ह, सगळं लागतं. "निवडी येल मानूसनं नाव रस्ताले देतस," नाना म्हणतात. "पडेलनं नाव कोठे शे?"

ते आहे नानांच्या वहीत. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये नानांनी आयुष्यभर कापसाच्या काट्यावर काम केलं. काटा सुटला आणि त्यांनी आपल्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास लिहायला घेतला. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून वाचनाची जबाबदारी माझ्यावर कोसळली. दर रविवारी सकाळी नाना वही घेऊन येतात आणि माझा चहा गार होईपर्यंत वाचतात. निवडून आलेला खासदार एका ओळीत उरकलेला. बाकी पानंच्या पानं पडलेल्यांची. कोण सायकलवरून प्रचाराला फिरला, कोणाची जीप नाल्यात अडकली आणि विरोधकांनीच ढकलून काढली, कोणी भाषण पाठ केलं आणि माईक हातात आल्यावर फक्त नमस्कार करून खाली उतरला.

"नाना, लोक यात खासदार शोधतील," मी एकदा म्हटलं.

"एक ओय दिनी ना त्याले! पुरे."

नानांच्या घरात सालं आकड्यांनी मोजत नाहीत, पडलेल्या उमेदवारांच्या चिन्हांनी मोजतात. त्यांची मोठी मुलगी शिट्टी पडली त्या साली झाली, धाकटी छत्रीच्या वेळी. माझं लग्न कोणत्या साली झालं हे मी विसरलो तरी चालतं, नाना लगेच सांगतात, "कपबशी पडनी तव्हा." त्यांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, यावर हात टेकले आहेत. "जितेल मानूस ह्यास्ले दिसतच नही," त्या म्हणतात. "मी ह्यास्ले कशी काय दिसनू, देव जाने."

आमचा जुना एरंडोल मतदारसंघ फेररचनेत गेला आणि आम्ही जळगावच्या मतदारसंघात आलो, तेव्हा नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. "एरंडोल जागावर शे, मानसं जागावर शेतस, मंग मतदारसंघ कोठे गया?" असं त्यांनी सरकारला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी वहीत एक नवीन प्रकरण घातलं आणि खुद्द मतदारसंघालाच पडलेल्यांच्या यादीत बसवलं.

पण नानांचा खरा उद्योग निकालानंतर सुरू होतो. विजयी उमेदवाराकडे हारांची रांग लागलेली असते, तेव्हा नाना एसटीने पडलेल्यांच्या घरी निघतात. मागच्या लोकसभेनंतर अक्कांनी मला त्यांच्याबरोबर पाठवलं, कारण ऊन फार होतं.

आम्ही असोद्याच्या पुढच्या एका खेड्यात रेखाताईंकडे गेलो. शिवणकाम करणारी बाई. गावाची बस बंद झाली, कॉलेजात जाणाऱ्या मुली घरी बसल्या, म्हणून ती थेट लोकसभेलाच अपक्ष उभी राहिली. चिन्ह मागितलं शिलाई मशीन. ते चिठ्ठीत दुसऱ्याला गेलं, हिला मिळाली फुलकोबी. निकालापासून गावाने तिचं नावच फुलकोबी पाडलं होतं. तिनेही दुकान बंद केलं होतं.

दार नवऱ्याने उघडलं. "आता काय राह्यलं?" तो म्हणाला.

"चहा," नाना म्हणाले आणि आत जाऊन बसले.

रेखाताई स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. नानांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मतमोजणीला बसलेल्या कोणाकडून तरी त्यांनी बूथनिहाय आकडे उतरवून आणले होते.

"हाई गाव दख," पारोळ्याकडच्या एका खेड्यावर त्यांनी बोट ठेवलं. "आठे तुले बारा मतं. तुन्हं माहेर शे का तठे?"

"नाही."

"नणंद? मावशी?"

"कोणीच नाही."

"तठला कपडा शिवाले येतस?"

"इतक्या लांबून? नाना, मी तिकडे गेलेच नाही. माझं पत्रकसुद्धा पोचलं नसेल."

"मंग ह्या बारा मानसं कोन?"

तिने वाकून कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "चुकून दाबलं असेल."

"एक मानूस चुकस," नाना म्हणाले. "बारा? उन्हात लाइनमा उभं ऱ्हाईसन?"

नवऱ्याने नानांच्या हातातला कागद घेतला आणि खिडकीपाशी नेऊन वाचायला लागला. रेखाताईने दोनदा पदराने तोंड पुसलं. चहा उतू गेला, कोणी उठलं नाही. मग तिने विचारलं, "नाना, त्या गावाला बस जाते का?"

नानांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

परत निघालो तर तिच्या गावाला बस नव्हतीच. फाट्यापर्यंत चालत आलो आणि निंबाखाली बसलो. मी सहज म्हटलं, "नाना, हे पडलेल्यांचं वेड तुम्हाला लागलं कुठून?"

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मन्हा मोठा भाऊ उभा ऱ्हायना व्हता. अपक्ष."

इतक्या रविवारांत हा भाऊ मला एकदाही भेटला नव्हता. "वहीत नाही तो," मी म्हणालो.

"त्यानं मले लिखता येस नही."

मग ते हळूहळू सांगत गेले. निकालाच्या दिवशी भाऊ घरात एकटा बसला होता. आणि नाना विजयी मिरवणुकीत होते. ढोल होते, जीप होती, दोस्तमंडळी होती. मिरवणूक त्यांच्याच दारावरून गेली. नाना दारासमोरही नाचले. भाऊ ओट्यावर आला, त्याने पाहिलं आणि तो आत गेला. तिन्हीसांजेला नाना घाबरत घरी आले. आज मार बसणार असं त्यांना वाटत होतं. भावाने पाण्याची बादली पुढे केली.

"म्हने, पहिले तोंड धुय. गुलाल डोयामा जाई." नानांनी टोपीवरची धूळ झटकली. "इतलंच. मंग मरेपर्यंत कधी इषय नही काढा त्यानी."

"लहान होता तुम्ही, नाना."

"लहान नही व्हतू. मत देल व्हतं मी."

"कोणाला?"

बस अजून खूप लांब होती, केळीच्या बागांपलीकडे नुसती धूळ दिसत होती. तरी नाना उठले, टोपी घातली आणि हात वर करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले.