सोज्वळा जेवली का?

एका जंगलात, बाळांनो, वाघसिंह होते, ओढे होते आणि रोज संध्याकाळी वडाखाली एक मालिकाही होती. तिचं नाव 'गुहेची लक्ष्मी'. कोल्होबांच्या नाटकमंडळीने ती सुरू केली, त्याला दोनशे भाग होऊन गेले. तरी बया संपायचं नाव घेत नव्हती.

तिची नायिका सोज्वळा नावाची सिंहीण. सोज्वळा रोज शिकार करायची, ओढत गुहेत आणायची, नवऱ्याला वाढायची, सासऱ्याला वाढायची, आयतोबा दिरांना वाढायची. मग आपल्या वाटणीला तोंड लावणार, तोच ढोल वाजायचा. सोज्वळा डोळ्यांत पाणी आणून तीनदा मान वळवायची आणि भाग संपायचा. प्रेक्षक शेपटीने डोळे पुसत घरी जायचे.

त्याच जंगलात अंगभर काटे असलेली साळूबाई राहायची. ती 'टोकदार' नावाचं बायकांचं मासिक काढायची. पानं पळसाची, शाई जांभळाची आणि लेखणी अंगचीच. त्यामुळे ती कुणाची मिंधी नव्हती.

साळूबाई दर महिन्याला मालिकेचं परीक्षण लिहायची. त्यात भागागणिक एक ओळ. 'रानडुक्कर मारलं, सगळ्यांना वाढलं. जेवली का? नाही.' खाली पुढची. 'सांबर मारलं, सगळ्यांना वाढलं. जेवली का? नाही.' अशा तीस ओळी.

आधी सगळे हसले. मग ऐन रडायच्या जागी हरिणी एकमेकींना विचारू लागल्या, "अगं, पण ही जगते कशावर?" कोल्होबांचं धाबं दणाणलं. ते तणतणत साळूबाईकडे आले.

"एवढी आवडत नाही तर बघता कशाला, बाई?"

"आवडते म्हणून तर बघते," साळूबाई म्हणाली. "एक भाग चुकवलेला नाही मी. आपल्या माणसालाच विचारतो ना आपण, जेवलीस का म्हणून?"

कोल्होबांना हे काही पटलं नाही. त्यांनी थेट दरबार गाठला. सिंहमहाराज मालिकेचे मोठे चाहते. आपलंच चरित्र चाललंय असं त्यांना वाटायचं. त्यांनी साळूबाईला बोलावून फर्मावलं, "पुढच्या अंकात मालिकेबद्दल एक तरी चांगला शब्द छापा. नाहीतर मासिक बंद."

शेजारी राणीसाहेब बसल्या होत्या. पहाटेच्या शिकारीने त्यांचं अंग आंबलं होतं. "बघू तो अंक," त्या म्हणाल्या. त्यांनी तीसही ओळी वाचल्या. मग पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

साळूबाई घरी आली ती हिरमुसूनच. अकरा वर्षं चालवलेलं मासिक! पाठीवरचे निम्मे काटे त्यात गेलेले. एक गोड शब्द लिहायला काय जातंय? तिने काटा उपटला, शाईत बुडवला, 'सुंदर' असं लिहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने पान चुरगळलं आणि मासिकासाठी शेवटचा म्हणून एक भाग बघायला गेली.

त्या दिवशी पहिल्या रांगेत महाराजांशेजारी राणीसाहेब होत्या. सोज्वळेने सांबर आणलं, सगळ्यांना वाढलं. ढोलावरच्या माकडाने हात उचलला.

"थांब रे," राणीसाहेब म्हणाल्या. "पोरी, बस. जेव आधी."

सोज्वळेने कोल्होबांकडे पाहिलं. कोल्होबांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी राणीसाहेबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मग सोज्वळा बसली आणि जेवली. चांगली सावकाश, हाडं फोडून, मिशा चाटत. त्या भागात दुसरं काहीच घडलं नाही, तरी एकही प्राणी जागचा हलला नाही. शेवटी तिच्या वाट्याबरोबर आपल्या पुढ्यातला वाटाही ती संपवतेय हे पाहून नाटकातल्या नवऱ्याला राहवेना.

"आणि मी?" त्याने विचारलं. हे वाक्य त्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"ओढ्यापलीकडे सांबरं चरताहेत," सोज्वळा तोंड पुसत म्हणाली.

वडाखाली एवढ्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या. साळूबाईने तर इतक्या वाजवल्या की शेजारच्या अस्वलाला चार काटे टोचले.

पुढचा अंक निघाला. चांगला शब्द छापायचा राजाचा हुकूम साळूबाईने अगदी मनापासून पाळला. परीक्षणात एकच शब्द होता: 'जेवली.'

मासिक अजून चालू आहे. कोल्होबांना स्त्रीजातीच्या उद्धाराबद्दल सुवर्णपदक मिळालं, ते त्यांनी मोठ्या नम्रतेने स्वीकारलं. महाराज हल्ली दुसऱ्या पंगतीला बसतात.

तात्पर्य: बाळांनो, बाईमाणसाला 'जेवलीस का' असं चुकूनसुद्धा विचारू नये. विचारलं की ती जेवते आणि मग आपलं पान आपल्यालाच वाढून घ्यावं लागतं.