एक हात, तीन हात

त्र्यंबक मास्तर आमच्याकडे आले की दार हाताने ढकलत नसत, करंगळीने ढकलत. तीही बिजागरीपासून सगळ्यात लांबच्या कडेला टेकवून. जड दार कुरकुरत उघडलं की उंबऱ्यावरच थांबून विचारत, "वहिनी, किती जोर लागला?"

"मला काय माहीत? भाकर करपून राह्यली माझी."

"जोर नका सांगू, अंतर सांगा!" एवढं बोलून मग आत येत.

जालन्यात मस्तगडाला त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. निजामाच्या राज्यातल्या शाळेत ते मोठ्या मुलांना गणित आणि यंत्रशास्त्र शिकवत, तेही उर्दूतून. टेकूभोवती एखादी वस्तू फिरवण्याची जोराची जी ताकद, तिला त्यांच्या पुस्तकात 'मियारे-असर' म्हणत. जोराला टेकूपासूनच्या अंतराने गुणलं की झाला मियारे-असर. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. मुलं त्यांना पाठीमागे 'असर मास्तर' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

माझ्या सासूबाई अडकित्त्याच्या टोकाशी सुपारी धरून फोडत. मास्तरांना ते बघवेना. "मावशी, खिळ्यापाशी सरकवा. तिथं जोर कमी लागतो."

"तू जल्मला नव्हतास तवापासून फोडून राह्यले मी. जा, पोरं शिकव."

मास्तर गेले. सासूबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि सुपारी खिळ्यापाशी सरकवली.

माणसांनाही ते हाच हिशेब लावत. शहागडच्या माझ्या नणंदेवरून आमच्या घरात एकदा भांडण पेटलं. मास्तर मध्ये पडले. "वहिनी, बाईचा जोर थोडा, पण अंतर बघा! तिकडून एक चिठ्ठी आली की इथं सगळं घर फिरतं." माझे मालक पोट धरून हसले. मी हसले नाही, कारण खरं होतं.

एका उन्हाळ्यात गल्लीतला आड आटला. उताराच्या टोकाला जी विहीर होती, तिथून पाणी आणायची पाळी आली. मास्तरांची बायको अनसाबाई नुकतीच मुदतीच्या तापातून उठली होती. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. हकिमाने जड उचलायला मना केलं होतं. पण बाई ऐकणारी नव्हती. पदरी मूलबाळ नव्हतं आणि वर हा ताप. मी समजवायला गेले तर म्हणाली, "घरात पानीबी आनायला जमत न्हाई, तर मी कशाला हाय? मंग दुसरीच करू द्या त्यांना." मास्तर तिथेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं विहिरीवरून येताना दिसली. चार हातांची एक काठी, दोघांच्या खांद्यावर दोन टोकं, मधे दोरीला हंडा. अनसाबाई पुढे, मास्तर मागे. पुरुषमाणूस पाणी वाहतोय म्हटल्यावर गल्ली कशाला गप्प बसते?

"मास्तर, पालखी कुन्या देवाची?"

"पालखी न्हाई, तरफ! अंतर बघा, अंतर!"

हंडा मात्र मधोमध नव्हता, पार मास्तरांच्या छातीपाशी लोंबत होता. मी म्हटलं, वेड्याचं काहीतरी शाळेचं चाललं असेल. सगळ्यांनीच तसं म्हटलं.

चार दिवसांनी मी विहिरीवर होते. मास्तर एकाला रहाटाचं गणित समजावण्यात गुंगले होते आणि अनसाबाई उन्हात ताटकळत होती. मला कुणी उगाच खोळंबलेलं चालत नाही. मीच हंडा काठीला अडकवला. अगदी मधोमध. दोघांना सारखं ओझं, बराबर वाटणी. मास्तरांनी बोलता बोलता काठी खांद्यावर घेतली. दहा पावलांवर अनसाबाई मटकन खाली बसली. हंडा गडगडत गेला.

"मध्यावर कुणी लावला?" मास्तरांचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

अनसाबाईने घाईघाईने पदर सावरला. "काई न्हाई, पाय घसरला."

मास्तर लगेच म्हणाले, "हां, घसरलाच. शेवाळ हाय इथं."

भर उन्हाळ्यात, खडखडीत दगडावर शेवाळ!

दुपारी ते आमच्याकडे आले, दार सरळ हाताने ढकलून. "वहिनी, हंडा माझ्यापासून एक हात, तिच्यापासून तीन हात. म्हंजे वजनाचे तीन हिस्से माझ्यावर, एक तिच्यावर. तिला वाटतं, निम्मं तीच आणती. तेवढं वाटू द्या. रोज थोडं थोडं तिच्याकडं सरकवीन मी. पण कुणाला बोलू नका."

"आणि तिला ताकद न्हाई आली तर?"

जोर नको, अंतर सांगा, असं ते म्हणाले नाहीत. उठून घरी गेले.

त्या दिवसापासून सकाळी ओट्यावर सूप घेऊन बसले की मी आधी दोरी बघायची. मास्तर दोन दिवसाला एक बोट ती पुढे सरकवत. कधी चार-चार दिवस दोरी जागची हलत नसे, तेव्हा मला तांदळातले खडे दिसत नसत. एकदा तर ती दोन बोटं मागे गेली.

मृगाला आठवडा राहिला असेल. दोरी बरोबर मध्यावर होती. आमच्या ओट्यासमोर अनसाबाई एकदम थांबली. मी सूप खाली ठेवलं.

"अहो, आज जड का लागून राह्यलं?"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक. "चक्कर येती का?"

"चक्कर कशाची? जड म्हनलं मी. पानी जास्त भरलं जनू."

मी हंड्यात पाहिलं. रोजच्याइतकंच होतं.

"हां हां," मास्तर म्हणाले, "जास्तच भरलं आज. बिलकुल जास्त!"

"मंग चला की जल्दी. वहिनी बघून राह्यल्यात."

आणि ती अशी झपाझप निघाली की मास्तरांना मागून पळावं लागलं. पळता पळता निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं, त्यांना पत्ता नव्हता. पाण्याची एवढी टंचाई, तरी त्या सांडलेल्या पाण्याबद्दल गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही. मी काढू दिला नाही.