मंदाबाईंकडचे वीस ओटीपी

परीक्षेच्या दिवशी सकाळी सव्वाअकरा वाजता मनोहररावांच्या लक्षात आलं, की परीक्षेला बसलेल्या वीसही बायकांचा मोबाईल नंबर एकच आहे.

गिरडजवळच्या त्या गावात ते वर्ध्याहून आठवड्यातून दोनदा बायकांना इंटरनेट शिकवायला येत, तेही फुकट. कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात कोणी विचारत नाही. इथे बायका ‘सर’ म्हणत. तेवढ्यासाठी ते एसटीचे धक्के आनंदाने खात. समाजमंदिरातले चार संगणक मात्र एका संस्थेचे होते आणि संस्थेने बजावलं होतं, की आज दोन वाजेपर्यंत ऑनलाइन परीक्षेत पंधरा जणी पास झाल्या नाहीत तर सोमवारी गाडी पाठवून संगणक कारंज्याला नेऊ. म्हणजे वर्ग बंद, आणि ‘सर’ही बंद.

“सुमित्राबाई, अर्जात हा नंबर कोणाचा लिहिला?”

“मंदीचा.”

“का? तुमच्याजवळ फोन नाही?”

“हाये ना जी. पन कधी चार्जिंग नसते, कधी पोट्टं घेऊन जाते. मंदी कधीबी फोन उचलते. ग्यासच्या पुस्तकावर तिचाच नंबर, शाळेत तिचाच, दवाखान्यात तिचाच. साऱ्याईचं असंच हाये.”

यात चूक तरी काय काढणार? अडचण एवढीच, की परीक्षेत शिरण्यासाठी प्रत्येकीचा ओटीपी त्याच नंबरवर जाणार होता, दहा मिनिटं टिकणार होता, आणि मंदाबाई वर्ध्याच्या बाजारात वांगी विकत बसल्या होत्या. वर्गातली सगळ्यात हुशार बाई, पण “वांगे थांबतीन का परीक्षेसाठी?” म्हणून तिने अर्जच भरला नव्हता. नंबर बदलायला जावं, तर संगणक म्हणाला, ‘त्यासाठी जुन्या नंबरवरचा ओटीपी लागेल.’ मनोहररावांनी सुमित्राबाईंचा परीक्षेचा ओटीपी मागवला आणि मंदाबाईंना फोन लावला.

“मंदाबाई, मी मनोहरराव. आत्ता एक ओटीपी आला असेल, सांगा बरं पटकन.”

पलीकडून बाजाराच्या गलक्यातून आवाज आला.

“कोन मनोहरराव?”

“अहो, वर्गाचे सर!”

“आमचे सर असं इचारत नाईत. त्याईनंच सांगतलं, सख्खा भाऊ मांगन तरी ओटीपी द्याचा नाई.”

“पण नंबर तर माझाच दिसतोय ना?”

“चोर नंबरबी चोरते. हेबी त्याईनंच शिकवलं.”

मनोहररावांनी व्हिडिओ कॉल लावला. मंदाबाईंनी त्यांचं घामेजलेलं तोंड बारकाईने न्याहाळलं.

“तोंडबी बनावट करता येते म्हने. मस्त जमवलं हाये बाप्पा. पन आमचे सर एवढे घाबरट नाईत.”

सुमित्राबाईंनी फोन हिसकावला. “अवो मंदे, मी सुमित्रा! खरंच सर हायेत. दे तो आकडा!”

“सुमित्रे, तुलेबी धरलं का त्याईनं?” मंदाबाई कुजबुजल्या. “घाबरू नोको. त्याईले बोलत ठेव, मी पोलिसाले सांगून येतो.”

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. मनोहररावांनी तरीही उरलेल्या एकेकीला संगणकासमोर बसवून पाहिलं. विसाचे वीस ओटीपी वर्ध्याला गेले आणि तिथेच विझले. दोन वाजता परीक्षेचं पान बंद झालं.

मनोहरराव समाजमंदिराच्या पायरीवर बसले. सहा महिने झिजून निकाल काय, तर वीसपैकी शून्य. आणि वर्ग बुडवला कोणी? ज्या एकीने त्यांचा शब्द न् शब्द ध्यानात ठेवला, तिने. रागवायचं तरी कोणावर? फक्त रडायचं बाकी होतं. बायका भोवतीच बसून राहिल्या, घरी कोणी गेलं नाही.

पाचच्या बसने मंदाबाई रिकामी टोपली घेऊन उतरल्या. त्यांनी सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, दंडाला बोट लावून खात्री केली आणि पदराची गाठ सोडून एक कागद काढला.

“सुमित्रे, पोलिसानं सोडवलं ना तुले? सर, आज एका चोरानं तुमचा अवतार घेऊन लय तरास देल्ला. पन म्या एकबी आकडा सांगतला नाई. हे घ्या, वीसच्या वीस लिहून आनले. आता तुमी सोता समोर दिसता, म्हून देतो.”

सुमित्राबाई काही बोलणार होत्या. मनोहररावांनी हातानेच थांबवलं. कागदावर एकाखाली एक वीस आकडे होते, कुठे खाडाखोड नाही.

“एकही चूक नाही, मंदाबाई,” ते म्हणाले. कागदाची घडी करून त्यांनी तो वरच्या खिशात ठेवला.

सोमवारी ते वर्ध्याला घरीच टीव्हीसमोर बसून होते. साडेदहाला संस्थेच्या गाडीवरच्या रजतचा फोन आला.

“सर, संगणक न्याले आलो, तं एक बाई दारातून हालूनच नाई राह्यली. म्हनते, संस्थेचा हाओ असं कोनीबी सांगन. ओळखपत्र दाखवलं, तं म्हनते हे बनावट. साहेबाले फोन लावून देल्ला, तं म्हनते आवाजबी बनावट. तुमी तरी सांगा ना तिले!”

मनोहररावांनी टीव्ही बंद केला.

“मी सांगून काही उपयोग नाही हो,” ते म्हणाले. “फोनवर ती माझं ऐकत नाही.”