तळमजल्यावरचं विमान

"वजन किती तुमचं?"

चेन्नईत पाऊल ठेवल्यावर मला मराठीत विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. मी सोलापूरहून बदलीवर आलेली, अड्यारच्या त्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतलेला, आणि हातात नव्या घरात दूध उतू घालवायचं पातेलं. नाव नाही, गाव नाही, बाईमाणसाला थेट वजन! मी पाच किलो खाली सांगितलं. घरमालकांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "नाहीं पा. खरं सांगा. विमानाशी खोटं बोलूं नये."

हे आमचे अण्णा. नाव हनुमंतराव, पण ते कुणी घेत नसे. मूळचे तंजावरचे मराठी, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले. त्यांच्या बोलण्यात 'सगळं' नव्हतं, 'अस्कं' होतं, आणि प्रत्येक वाक्य शेवटाला तमिळसारखं हेलकावे खात वर चढायचं. रेल्वेचे डबे बांधण्यात त्यांनी उभी हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर मोटारीच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. दोघांपुरतं, पण खरंखुरं, उडणारं. डब्यात आणि विमानात फरक काय, असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं. "डब्यांत अस्कं घालायचं," अण्णा म्हणाले, "विमानांतून अस्कं काढायचं."

मग वजनाचं खूळ घरभर पसरलं. विमानातल्या माणसाचंही वजन विमानालाच सोसावं लागतं, म्हणून अण्णांनी रसमभातावरचं तूप सोडलं, किल्ल्यांचा जुडगा सोडला, शर्टाची बटणं उसवून बंद लावले. यावर त्यांची धाकटी बहीण, तुळजाअक्का, टपलेलीच असे. लहानपणी तापात अक्कांचे पाय गेले, तेव्हापासून त्या चाकांच्या खुर्चीत. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. त्या घरात ही दोघंच. पायांची कसर अक्कांनी जिभेनं भरून काढली होती.

"तूप सोडलास, बटण सोडलास, आतां अक्कल तेवढी राहिली होती, तीही सोडलास," त्या म्हणायच्या. "विमानाचं ठाऊक नाहीं, तू मात्र वाऱ्यानं उडशील."

अण्णांना राग म्हणून येत नसे. काही बिघडलं की ते शांतपणे "पाठ झाला", म्हणजे धडा मिळाला, म्हणत आणि पुन्हा कामाला लागत. एकदा पंखाला गोंद लावताना त्यांची वेष्टीच, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, पंखाला चिकटली. ओढावी तर पंख मोडणार, सोडावी तर अब्रू जाणार. अण्णांनी पंख वाचवला. मी सभ्यपणे खिडकीतून आत सरकले, पण "पाठ झाला" एवढं ऐकू आलंच.

पंखांचं कापड घ्यायला ते मला टी. नगरच्या साड्यांच्या दुकानात घेऊन गेले. पॉलिएस्टर पाहिजे, अंगासरसं बसणारं, असं त्यांनी सांगितलं. दुकानातल्या माणसानं विचारलं, कुणासाठी? विमानासाठी. त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. "काठ हवा का?" त्यानं विचारलं. जन्मभर बायकांना साड्या दाखवलेल्या माणसाला कशाचंच नवल वाटत नाही. अण्णांनी काठाचा अगदी गंभीरपणे विचार केला आणि जरीला वजन असतं म्हणून नको म्हणाले.

हे कापड चिकटवून त्यावर गरम इस्त्री फिरवली की ते आवळून ताठ बसतं. अण्णांनी पहिल्याच फटक्यात भोक पाडलं. "दे इकडं," म्हणत अक्कांनी इस्त्री हिसकावली, पंख स्टुलांवर आडवा घ्यायला लावला आणि खुर्चीतल्या खुर्चीत सरकत अख्खा पंख करून दिला, अण्णांचा उद्धार अखंड चालू ठेवून. शेवटी त्यावर बोटं वाजवून म्हणाल्या, "मृदंग झाला रे."

आता सगळं अडलं होतं कॅप्टनसाहेबांवर. विमानं चालवून निवृत्त झालेले हे तमिळ गृहस्थ. त्यांनी तपासून हो म्हटलं की ते सरकारी सोपस्कार करणार, गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमान नेणार आणि अण्णांना उडवायला शिकवणार. नाही म्हटलं की विमान जन्मभर शेडमध्ये.

ते आले नेमके आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या दिवशी. विमानाच्या नाकाला चंदनकुंकू, चाकांखाली लिंबं, पंखांना केळीचे खुंट बांधलेले. कॅप्टननी बूट काढले, नमस्कार केला आणि स्क्रूड्रायव्हर मागितला.

"आज मिळणार नाहीं," अण्णा म्हणाले. "पूजेंत आहे."

अण्णांची हत्यारं कुंकू लावून देवासमोर ओळीनं निजली होती. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नसतो. कॅप्टननी मान डोलावली. त्यांच्या घरी कात्रीसुद्धा देवासमोर होती. मग त्यांनी नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी तपासणी केली. हा बोल्ट बदला. "पाठ झाला." ही तार घट्ट करा. "पाठ झाला." अण्णा इतके आज्ञाधारक कधी दिसले नव्हते.

शेवटी कॅप्टन मागच्या सीटपाशी वाकले. विमानाची शेपटी पायांनी वळवतात, त्यासाठी दोन पेडल असतात. पुढच्या सीटला ती होती. मागं त्यांच्या जागी हातानं ओढायचा एक दांडा होता, मुठीला मऊ चामडं गुंडाळलेला.

शिकवणारा मागं बसतो, त्याला पेडलच लागतात, कॅप्टन म्हणाले. दांडा आत्ताच काढून टाकू.

"पाना पूजेंत आहे."

"मग उद्या काढा."

अण्णांनी मुठीवरचं चामडं नीट दाबून बसवलं. मग म्हणाले, "उद्यांही नाहीं."

"मग मी हो म्हणू शकत नाही. हे उडणार नाही."

"न उडो."

माझ्या हातातलं सुंडलचं, नैवेद्याच्या हरभऱ्यांचं, ताट हातातच राहिलं. इतक्या वर्षांची मेहनत! व्हरांड्यातून अक्का ओरडल्या, "अण्णा, पिसाटलास काय? काढ तो दांडा! कोणाला पाहिजे तो?" त्यांचा आवाज एरवीसारखा धारदार नव्हता.

"पेडलपर्यंत तुझे पाय पोचत नाहींत," अण्णा म्हणाले. "हात पोचतो."

कॅप्टन अक्कांच्या खुर्चीकडे बघत राहिले. नियम मोडणं त्यांच्या हातात नव्हतं आणि त्यांचंही चुकत नव्हतं. पण त्यांनी बाह्या सारल्या, अण्णांच्या मदतीनं अक्कांना उचलून मागच्या सीटवर बसवलं आणि दांडा किती ओढायचा ते हातावर हात ठेवून दाखवलं. अक्कांनी ओढला. शेपटी वळली. अक्का मान मागं वळवून तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्या दिवशी कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत.

विमान शेडमध्येच आहे. संध्याकाळी अक्का मागं बसतात, अण्णा पुढं. मी ऑफिसातून येताना विचारते, "आज कुठवर?"

"कुंभकोणम," अक्का सांगतात. "अण्णाला भूक लागली, म्हणून मागं फिरवलें."

उडालं नाही याचं वाईट नाही का वाटत, असं मी एकदा अण्णांना विचारलं.

"जन्मभर मी हिची खुर्ची ढकललों, अम्मा," ते म्हणाले. "आतां ती नेते. मी पुढं बसून बघतों."

"बोलूं नको," मागून अक्का म्हणाल्या. "वळवतें आहे."

आणि अण्णांनी सीटच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.