वाळ्याचा पडदा आणि अकरा वाकळा

खिडकीला पडदा लावायचा, एवढंच गुरुलिंगने ठरवलं होतं. एखाद्या सकाळी चहा पिता पिता ठरवावी इतकी साधी गोष्ट. पण ज्याची बायको सव्वा महिन्यापासून माहेरी आहे, त्याची कुठलीच गोष्ट साधी राहत नाही.

रुद्राणी उदगीरला गेली ती या खिडकीपायीच. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं. कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले, आणि त्यांना राहायला म्हणून माणिकप्पाने आपल्या मळ्याच्या कडेला पत्र्याच्या सहा खोल्या घाईघाईने उभ्या केल्या. गुरुलिंगच्या खोलीची खिडकी पश्चिमेला होती, दारापेक्षा मोठी होती, आणि तिचे गज इतके विरळ की त्यांतून भरली घागर आत घेता यावी. (कुठल्याशा बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या लिलावात माणिकप्पाला ती मिळाली होती. तिच्या मापाने भिंत बांधली, असं तो अभिमानाने सांगे.) दुपारी दोननंतर ऊन आत येई आणि घरच्या माणसासारखं थेट चुलीपर्यंत जाई. लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा, त्यात दुष्काळ. रुद्राणीने चैत्र कसाबसा काढला आणि ट्रंक उचलली. "खिडकीचं कायतरी बगा, मग येते," म्हणाली. भांडून गेली असती तर समजूत तरी घालता आली असती. ती हसून गेली, त्यामुळे बिचाऱ्याची फारच पंचाईत झाली.

त्याला करमेना. आरशावर तिने चिकटवलेली टिकली होती. भांग पाडताना ती नेमकी त्याच्या नाकावर यायची, पण त्याने ती काढली नाही. दर आठवड्याला तो पत्र लिही आणि दर पत्रात 'ये' म्हणे.

पहिल्यांदा त्याने गुलाबाच्या फुलांचं कापड आणलं. ऊन त्यातून सरळ आत आलं; फरक एवढाच, की आता समोरच्या भिंतीवर गुलाब पडू लागले. मग जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. त्यांनी ऊन थोडं अडलं, वारा मात्र पुरता थांबला, आणि घामाघूम होऊन पाणीटंचाईची तीच बातमी त्याला रोज उलटी वाचावी लागली.

मग एका दुपारी तो सही घ्यायला साहेबांच्या खोलीत गेला. तिथे खिडकीला वाळ्याचा पडदा होता आणि शिपाई त्यावर नुकताच पाणी शिंपडून गेला होता. त्या वासाने गुरुलिंग जागीच उभा राहिला. रुद्राणीच्या ट्रंकेत, साड्यांच्या घड्यांमध्ये, वाळ्याची जुडी असायची. साहेबांनी सही करून फाइल पुढे केली तरी तो हलेना. अजून काही आहे का, असं त्यांनी विचारलं. "नाही सर, वास," तो म्हणाला, आणि मग दिवसभर त्याला स्वतःची लाज वाटत राहिली.

त्याच संध्याकाळी वाळ्याचा पडदा घरी आला. वाळ्याला पाणी लागतं, ही गोष्ट पडदा टांगून होईपर्यंत त्याच्या ध्यानात आली नव्हती. (मॅट्रिकला त्याला शास्त्रात बरे गुण होते, हे सांगून ठेवलेलं बरं.)

टँकर चार दिवसांनी येई आणि घरटी चार घागरी देई. गुरुलिंग पडद्याला खेटून अंघोळ करू लागला. डाळ धुतलेलं पाणी पडद्याला देऊ लागला. सगळं मिळून दिवसाला दोन तांबे. पण तेवढ्यानेही वास सुटायचा, आणि पाच-दहा मिनिटं रुद्राणी खोलीतच कुठेतरी आहे असं वाटायचं. अशाच पाच-दहा मिनिटांत त्याने पत्र लिहिलं: घर आता थंडगार आहे, वाळ्याचा पडदा लावला आहे, दिवसातून तीनदा बादल्यांनी पाणी मारतो, तू ये. दोन तांब्यांच्या बादल्या कशा झाल्या, हे ज्याची बायको माहेरी राहिली आहे त्याला समजावून सांगायला नको.

पत्र उदगीरला पोचायच्या आत वास गल्लीत पोचला. कचेरीतल्या माणसाला आतून पाणी मिळत असणार, याबद्दल कुणालाच शंका उरली नाही. पुढच्या खेपेला टँकर आला तेव्हा गुरुलिंग कामावर होता. त्याच्या वाटणीच्या चार घागरी माणिकप्पाने शेजारच्या घरांत वाटून टाकल्या. गुरुलिंग जाब विचारायला गेला.

"तुमी पडद्याला न्हाऊ घालायलाव," माणिकप्पा शांतपणे म्हणाला. "तुमाला टँकर कशाला?"

आणि रविवारी दुपारी दारात टांगा थांबला. रुद्राणी उतरली. तिच्यामागून तिची अव्वा, म्हणजे सासूबाई गौरम्मा, उतरल्या आणि त्यांच्यामागून दोन भलीमोठी गाठोडी. प्रवासाने रुद्राणीचं तोंड सुकलं होतं, केसांत धूळ होती, आणि गुरुलिंगला ती इतकी सुंदर दिसली की आठवडाभर पाठ केलेलं वाक्य तो साफ विसरला.

गाठोड्यांत अकरा वाकळा होत्या. दर उन्हाळ्यात घरातल्या सगळ्या वाकळा धुऊन वाळवायच्या, हा गौरम्मांचा नेम. यंदा आडाने तळ गाठला आणि नेम मोडला. जावयाचं पत्र त्यांनी लेकीकडून दोनदा वाचून घेतलं होतं. "जावाईबापू, बादल्या कुठं हायत?" त्यांनी पदर खोचतच विचारलं.

गुरुलिंगने पडद्याकडे पाहिलं. तोही कोरडा होता. घरात अर्धा तांब्या पाणी होतं. ते त्याने सासूबाईंपुढे धरलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. गौरम्मा पाणी प्यायल्या आणि एका गाठोड्याची गाठ सोडू लागल्या. मग तो माणिकप्पाकडे एक घागर पाणी मागायला गेला. माणिकप्पाने दिलं, पण पडदा पिळून बघितला का, असं विचारून दिलं.

तो परतला तर वाळ्याचा पडदा खाली पडलेला आणि खिडकीला दोन वाकळा एकावर एक टांगलेल्या. सात-आठ जुन्या लुगड्यांचे थर असलेली ती वाकळ. तिच्यातून उन्हाची काय बिशाद आत यायची. खोलीत गार अंधार होता.

"एवढंच होतं तर आदी का न्हाई सांगितलीस?" त्याने विचारलं.

"तुमी खिडकीचं इचारलाव कवा?" रुद्राणी म्हणाली. "दर पत्रात नुसतं ये, ये." आणि जरा थांबून हळूच म्हणाली, "मी समदी पत्रं ठिवलीत."

गुरुलिंगला सव्वा महिन्याचं ऊन उतरल्यासारखं वाटलं. तो तिच्याकडे एक पाऊल सरकला, एवढ्यात गौरम्मांनी उरलेल्या वाकळा अंथरल्या आणि त्या मधोमध आडव्या झाल्या. खोलीत आता दोघींपुरतीच जागा होती. शिवाय टँकरवर नजर ठेवायला कुणीतरी बाहेर बसायलाच हवं होतं, आणि ते कोणी बसायचं यावर फारशी चर्चा झाली नाही.

खिडकीखाली, भर उन्हात, डोक्यावर वाळ्याचा पडदा घेऊन तो बसला. आतून तिच्या बांगड्या वाजत होत्या. रुद्राणी उदगीरला होती तेव्हा जास्त लांब होती की आता, हे त्याला ठरवता येईना.

इतक्यात वाकळेचा कोपरा उचलला गेला आणि गजांतून बांगड्यांचा हात बाहेर आला. गुरुलिंगचं काळीज सुपाएवढं झालं. त्याने चटकन आपला हात पुढे केला.

रुद्राणीने त्यात रिकामी घागर दिली. "टँकर दिसला की पळा," ती म्हणाली. "आन् तो पडदा हिकडं द्या. अव्वाला पाय पुसायला पायजे."

त्याने डोक्यावरचा पडदा काढून दिला.