कारभारीनानांचा विंच

कारभारीनाना आले की आमची ही स्क्रू असलेली प्रत्येक वस्तू उचलून आत नेते. मिक्सर, इस्त्री, गजराचं घड्याळ. तिचं काही चुकत नाही. एकदा ती चहा टाकायला वळली तेवढ्यात नानांनी आमचा रेडिओ टीपॉयवर पसरला होता.

"अहो नाना, चांगला वाजत होता तो!" मी कळवळलो.

"वाजत व्हता, पण का वाजत व्हता? उघडल्याशिवाय कळत नाय."

सातपूरला आमच्या भिंतीला भिंत लावून नाना एकटेच राहतात. बायको गेली, मुलगा परगावी. बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. चहा उभ्याने, जेवणही उभ्याने, एका हातात भाकरी आणि दुसऱ्यात पाना. पूर्वी इगतपुरीच्या घाटात त्यांची जीप होती. तिच्या बंपरवर विंच, म्हणजे इंजिनाच्या जोरावर पोलादी दोर गुंडाळून घेणारा रहाट. खड्ड्यात गेलेले ट्रक त्याने वर ओढायचे. नाना जीप सांभाळत आणि त्यांचा जोडीदार निवृत्ती विंचापाशी उभा राही.

जीप पुढे भंगारात गेली. विंच मात्र नानांनी घरी आणला आणि अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात पडवीत उघडला. दसऱ्याला निवृत्ती भेटायला येणार होता. साखरेने त्याचे दोन्ही डोळे गेले होते.

"त्याला आता दाखवायचं काय? ऐकवायचा," नाना म्हणाले. "घाटातल्या धुक्यात तरी कुठं काय दिसायचं? आवाजावरच चालायचं समदं."

दोन महिने आमच्या नाकात रॉकेलचा वास होता. नानांनी गंज खरवडला, बेअरिंग बदलली, जुना गिअर काढून नवा घातला. विंच लोण्यासारखा फिरायला लागला. आम्ही वाहवा केली. नानांनी कान लावला, "ह्यो आवाज नाय" म्हणाले आणि पुन्हा सगळा उघडला. असं चार वेळा झालं. शेवटी माझंच डोकं फिरलं.

"नाना, विंच आहे तो, तंबोरा नाही!"

नानांनी पुन्हा विंचाला कान लावला.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा, त्यांना हात लावायचा नाही. नानांचे पाने पाटावर झेंडूची फुलं मिरवत बसले आणि नाना रिकाम्या हातांनी येरझाऱ्या घालू लागले. आमच्या फाटकाची कडी त्यांनी किती वेळा लावली आणि काढली, देव जाणे. दुपारी मात्र ते धापा टाकत दारात आले.

"सापडलं! जुन्या गिअरचा एक दात तुटका व्हता. दर फेऱ्याला टक करायचा. निवृत्ती ते टक मोजून सांगायचा, गाडी किती वर आली ते. अन् म्या येड्यानं तोच गिअर बदलला!"

"मग जुना बसवा उद्या."

"उद्या सकाळच्या गाडीनं येतोय तो." नानांनी आवाज खाली आणला. "तुमच्याकडं पूजेत नसलेला पाना हाय का?"

मी बँकेतला कारकून. आमच्या पाटावर विळी आणि पेन. माझ्या स्कूटरच्या डिकीत मात्र दोन पाने कुंकवावाचून राहिले होते.

"आणि विंचाचं काय? त्याचीही पूजा झाली असेल ना?"

"तो कुठं तयार व्हता पूजेला? त्याला फूलच वाह्यलं नाय म्या."

देवाच्या हे लक्षात आलं असेल, तर त्याने कानाडोळा केला. आमची ही फाटकाशी पहारा देत उभी राहिली.

दसऱ्याला निवृत्ती सुनेचा हात धरून आला. नानांनी त्याच्या हातात विंचाला हाताने फिरवायला बसवलेलं हँडल दिलं. स्वतः मागे उभे राहून, स्वच्छ असलेले हात पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

गरगर, गरगर. टक.

निवृत्तीचा हात थबकला. मग तो मोठ्याने मोजू लागला. एक. दोन. तीन. अठराला त्याने हँडल सोडलं आणि पायरी चाचपत खाली बसला.

"बास, कारभारी. गाडी रस्त्यावर आली. इंजिन बंद कर आता."

नाना त्याच्या शेजारी पायरीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं.