पाणी कुठे जातं, पाहू

लखनौला बदली होऊन आल्यावर आम्ही मानक नगरच्या क्वार्टरमध्ये सत्यनारायण घातला. त्या दिवशी पाठराबे साहेबांनी माझ्या बैठकीच्या खोलीत ग्लासभर पाणी जमिनीवर ओतलं. सांडलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. मीच दिलेला ग्लास हातात घेऊन ते खुर्चीवरून उठले, शेजारच्या खुर्चीपाशी वाकले आणि तुळशीला घालावी तशी धार धरली. मग हात मागे बांधून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "पाणी कुठे जातं, पाहू!"

पाणी टीपॉयखालून निघालं आणि माझ्या नव्या शोकेसच्या पायाशी जाऊन बसलं.

"उतार चुकला आहे, वहिनी," पाठराबे म्हणाले. "मोरीकडे जायला पाहिजे होतं. हे तर भलतीकडेच जाऊन राहिलं."

मी कोल्हापूरची. जिभेवर जे आलं होतं ते प्रसादाच्या शिऱ्याबरोबर गिळलं. पाहुणे हसत होते. त्यांची मुलगी रेवा सगळ्यांत जास्त, टाळ्या वाजवून हसत होती. मी फडकं आणलं तर पाठराब्यांनी ते माझ्या हातून ओढूनच घेतलं आणि गुडघ्यांवर बसून जमीन अशी कोरडी केली की मोलकरणीने बघून शिकावं. पुसलेलं फडकं स्वतः मोरीत नेऊन धुतलं, पिळलं, झटकून वाळत घातलं. हे आमच्या ह्यांच्या ऑफिसातले सर्वांत सीनियर इंजिनियर.

नंतर कळलं की कॉलनीत हे सगळ्यांना पाठ होतं. एका बड्या साहेबांच्या बंगल्यात नव्या संगमरवरावर त्यांनी पाणी ओतलं होतं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात तर बायकांच्या मधोमध येऊन ओतलं होतं. कोणाकडेही गेले की पाठराबे पाणी मागून घेत आणि प्यायचं सोडून भरला ग्लास हातात धरून बसत. चहा प्यायचे, सरबत प्यायचे, पण तो पाण्याचा ग्लास कधी तोंडाला लागलेला मी पाहिला नाही. एखाद्या घरी ओतत, एखाद्या घरी उठताना भरलेलाच परत देत. त्यांच्या मनाचा ठाव लागणं कठीण, असं सगळे म्हणायचे.

माणूस नागपूरचा. नोकरी रेल्वेच्या संशोधनाची, आणि त्यातही विषय एकच: डब्याच्या जमिनीत पाणी कुठून शिरतं आणि ती कशी कुजवतं. बाकीचे इंजिनियर वेगाच्या गप्पा मारत, पूल बांधत. हे आयुष्यभर डब्यांखाली उताणे पडून थेंब बघत आले होते. "पाण्याला घाई नसते, वहिनी," ते म्हणत. "घाई आपल्याला असते बाप्पा. म्हणून ते जिंकते." माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा ओलीचा डाग त्यांनी एकदा बोटाने चाचपला आणि वरच्या श्रीवास्तवांच्या कुठल्या नळाचा जोड ढिला आहे ते खालूनच सांगितलं. प्लंबरने फरशी फोडली, तर जोड तोच निघाला. त्या दिवसापासून माझा राग मावळला आणि मी त्यांच्याकडे जरा दबकूनच बघायला लागले.

स्वतःच्या वस्तूंच्या तर ते हात धुऊन मागे लागलेले असत. छत्री, डब्याची पिशवी, चपला, सगळ्याला कसला ना कसला लेप. त्या चपला कॉलनीच्या रस्त्यावर लाकडासारख्या वाजायच्या. घरात ते आणि रेवा दोघंच. पाठराबेकाकू आम्ही येण्याआधीच वारल्या होत्या. रेवा विशीची, उंचीला बापाएवढी, पण समज चार-पाच वर्षांच्या पोरीची. मराठी सगळं समजायचं, बोलायची ती मोजकं हिंदी. हज़रतगंजच्या पलीकडे अशा मुलांचं एक केंद्र होतं, तिथे ती दिवसभर जायची, मणी ओवायची, गाणी म्हणायची. ती तिथे असे तेवढ्याच वेळात पाठराबे नोकरी करू शकत होते.

तिला न्यायचे शकील भाई. त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन होती. सरोजिनी नगरच्या डेअरीतून दह्याचे आणि पनीरचे क्रेट भरायचे, वाटेत आमच्या कॉलनीतून रेवाला आणि तिला पोचवायला येणाऱ्या पाठराब्यांना घ्यायचे आणि हज़रतगंजच्या दुकानांकडे निघायचे. माझं ऑफिसही तिकडेच, म्हणून मीही त्यांची सवारी झाले. मागे क्रेट, मध्ये एका बाकावर आम्ही तिघं.

एका उन्हाळ्यात, केंद्राला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, शकील भाई गाडीतून उतरले आणि हात जोडून उभे राहिले.

"साहब, बुरा न मानिएगा. बिटिया जैसी आपकी, वैसी हमारी. मगर खाने-पीने का सामान जाता है इसमें. दुकानदार कहते हैं, गाड़ी में महक आती है. छुट्टियों के बाद कोई और इंतज़ाम देख लें तो बड़ी मेहरबानी होगी."

इतक्या अदबीने कोणी कोणाची वाट अडवलेली मी पाहिली नव्हती. रेवाला कधी कधी लघवी आवरत नसे, हे मला त्या दिवशी कळलं; तो वास मी इतके दिवस दह्याचा समजत होते. बाकाखाली पाणी मुरायचं, रबरी मॅटखाली साचायचं आणि पत्रा खायचं. दुसरी कोणतीही गाडी तिला घेणार नव्हती, आधीच्या दोन गाडीवाल्यांनी नकार दिलेला होता. म्हणजे रेवाचं केंद्र बंद, आणि तिला घरात कोंडून ठेवणं पाठराब्यांना जमणार नव्हतं, म्हणजे नोकरीही बंद.

पाठराबे रागावले नाहीत. विनवण्याही केल्या नाहीत. नागपुरी हिंदीत म्हणाले, "शकील भाई, गलती फर्श की है. फर्श मेरे को दे दो." डेअरीचा माल तेवढे दिवस शकील भाईंच्या भावाने त्याच्या गाडीतून पोचवला आणि ही व्हॅन आमच्या कॉलनीच्या गॅरेजमध्ये येऊन उभी राहिली.

बाक काढला, मॅट उचललं आणि मी तोंडावर हात ठेवला. पत्र्याला भोकं पडली होती, त्यातून गॅरेजची जमीन दिसत होती. इतके दिवस आमच्या वाटेवरचा कानपूर रोड माझ्या पायांखालून उघडाच पळत होता.

त्यानंतर पाठराब्यांनी जे केलं ते मी रोज ऑफिसातून आल्यावर, चहाचा कप हातात घेऊन, शाळकरी मुलीसारखी बघत बसायचे. आधी गंज. तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने, मांडी घालून व्हॅनच्या पोटात बसून ते पत्रा घासत. मध्येच हाताची मागची बाजू फिरवून बघत, पोराचा ताप बघावा तसे. "अजून आहे," म्हणत आणि पुन्हा घासायला लागत. मला तो पत्रा आरशासारखा दिसत असे. मग भोकं बुजवली, थिनरने तेलकटपणा काढला, गंजविरोधी रंगाचा हात दिला. कोपऱ्यांत पुट्टी भरून बोटाने गोलाई दिली. "कोपरा म्हणजे पाण्याचं माहेर, वहिनी. एकदा गेलं की परत यायचं नाव घेत नाही. म्हणून कोपराच ठेवायचा नाही." आणि उतार! लेव्हलची काचनळी लावून लावून त्यांनी बाकाच्या खालची जागा सर्वांत उंच केली आणि तिथून सगळी जमीन मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरवली. तिथे एक भोक, त्याला खाली छोटी नळी आणि रबरी बूच.

मग खरा लेप. त्याचे दोन डबे होते, एकात रंगासारखं दाट, दुसऱ्यात ते कडक करणारं औषध. दोन्ही एकत्र केलं की थांबायचं नसतं. लखनौच्या जूनमध्ये तर बोलायलाच नको. पाठराब्यांनी पहाटे गारव्यात मिश्रण केलं, रोलर बुडवला, आणि नेमके त्याच वेळी शकील भाई खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, सरबताचा जग घेऊन आले.

"साहब, हम बहुत शर्मिंदा हैं. उस रोज़ जाने क्या-क्या कह गए."

आता रोलर हातात घेऊन समोरच्याची माफी कशी स्वीकारायची? पाठराबे खाली उतरले. "शर्मिंदे तो हम हैं," म्हणाले. शकील भाई म्हणाले, नहीं साहब, क़ुसूर हमारा. पाठराबे म्हणाले, अरे नहीं जी, हमारा. सरबत ओतलं गेलं, आधी कोणी घ्यायचं त्यावर वाद झाला, घरच्यांची खुशाली झाली, शकील भाईंच्या अम्मींचे गुडघेही झाले. तेवढ्यात मागून धूर आला. डब्यातला लेप तापून दगड झाला होता आणि ढवळायची काठी त्यात झेंड्यासारखी उभी होती.

"गेला," पाठराबे म्हणाले.

तो दगड पुढे कित्येक वर्षं त्यांचं दार उघडं धरायला होता, काठीसकट. दुसऱ्या दिवशी नवे डबे आले आणि शकील भाईंना ताकीद मिळाली की काम संपेपर्यंत सलामसुद्धा करायचा नाही. ते बिचारे गॅरेजच्या दाराशी तोंडावर रुमाल धरून उभे राहिले. लखनौचा माणूस इतका वेळ न बोलता राहिला, हाही मी एक चमत्कारच मानते.

पहिला हात उभा मारला. त्यावर रांगोळीसारखी चिमटीतून बारीक वाळू सोडली, पाय घसरू नये म्हणून. दुसरा हात आडवा. कडेला लेप वीतभर भिंतीवर चढवला. घाम हनुवटीपर्यंत आला की पाठराबे मान बाहेर काढून तो गॅरेजच्या जमिनीवर गाळत, आत एक थेंब पडू दिला नाही. शेवटी दारातून मागे सरकत सरकत बाहेर आले, तेव्हा आत एक राखाडी, अखंड, बिनसांध्याचं तबक तयार झालं होतं. मी देवळात जाते तेव्हाही इतकी गप्प नसते.

लेप पक्का होईपर्यंत आठवडाभर कोणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. मग परीक्षा. बूच लावून त्यांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या, व्हॅनची जमीन तळ्यासारखी भरली, पाण्याच्या कडेला खडूची रेघ मारली आणि गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी कॉलनी जमली. पाणी रेघेवरून हललं नव्हतं. मी खाली वाकून वर्तमानपत्र चाचपलं, कोरडं ठणठणीत. पाठराब्यांनी बूच काढलं आणि सगळं पाणी त्या कोपऱ्याकडे असं निघालं जसं त्याला कोणी हाक मारली असावी.

"सुभानअल्लाह," शकील भाई म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "एक महीना देख लेते हैं, साहब."

जुलैत केंद्र सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात चारबाग स्टेशनपाशी आम्ही गर्दीत अडकलो. रेवा गाणं म्हणत होती, ती एकदम गप्प झाली आणि तिने कुडत्याची कड मुठीत धरली. आरशात शकील भाईंचे डोळे वर आले. मला काही कळायच्या आत पाठराब्यांनी पाण्याची बाटली उघडली, वाकले आणि रेवाच्या पायांशी ओतली.

"पाणी कुठे जातं, पाहू!"

रेवाची मूठ सुटली. ती हसली, टाळ्या वाजवायला लागली. पाणी बाकाखालून निघालं, क्रेटना न शिवता कोपऱ्यात गेलं आणि नळीतून रस्त्यावर पडलं. आता ते कुठलं पाणी होतं, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

मी खिडकीबाहेर तोंड वळवलं. मला माझा सत्यनारायण आठवला. पाठराब्यांनी पाणी स्वतःच्या खुर्चीपाशी ओतलं नव्हतं, शेजारच्या खुर्चीपाशी ओतलं होतं. त्या खुर्चीत रेवा होती. बड्या साहेबांच्या संगमरवरावर, हळदीकुंकवाच्या बायकांमध्ये, जिथे जिथे ते ओतलं गेलं तिथे रेवा बसलेली असणार. लोकांनी पोरीकडे बघू नये म्हणून हा एवढा हुशार माणूस घरोघर भरला ग्लास धरून बसत होता आणि स्वतःचं हसं करून घेत होता. माझ्या घराचा उतार चुकला होता की नाही, देव जाणे. मला रडू आलं आणि मी डोळे पदराने पुसले.

महिना संपला. शकील भाईंनी काही म्हटलं नाही, पाठराब्यांनी विचारलं नाही. मी मात्र रोज धास्तीत होते.

ऑगस्टमध्ये पाठराब्यांना सडकून ताप आला. "मी नेते रेवाला," मी म्हटलं आणि आम्ही दोघी निघालो. त्याच चारबागला, तशाच गर्दीत रेवा गप्प झाली आणि तिची मूठ वळली. माझ्याजवळ बाटली नव्हती. मी वेड्यासारखी पर्स उपसायला लागले.

शकील भाईंनी गाडी कडेला घेतली. गिअरपाशी ठेवलेली स्वतःची बाटली उचलली, उतरून आमच्या बाजूला आले आणि दार सरकवलं.

"बिटिया, ज़रा देखें तो, पानी किधर जाता है!"

आणि त्यांनी धार धरली. मग हात मागे बांधून, थेट पाठराब्यांसारखे, ते पाण्याकडे बघत उभे राहिले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. रेवा टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी मी पाठराब्यांना हे सांगितलं. ते चादर ओढून पडले होते. डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"कुठे थांबलं तर नाही ना, वहिनी?"

"नाही," मी म्हटलं. "सरळ गेलं."

मी ग्लासभर पाणी आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीने तो ग्लास जरा वेळ नुसताच धरून ठेवला. पलीकडे रेवा भिंतीला टेकून मणी ओवत होती. मग त्यांनी तो तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.